चेक परत का येतो, आणि धंद्यात तो येऊ नये म्हणून काय करावं

चेक परत आला की लोक आधी समोरच्याच्या हेतूवर बोट ठेवतात. छोट्या धंद्यांचे हिशेब बघता बघता माझं मत जरा वेगळं झालंय. बुडवायचं ठरवूनच दिलेले चेक असतात, पण थोडे. ‘शुक्रवारी अमक्याचं पेमेंट येतंयच’ या भरवशावर दिलेले चेक फार. येणारे पैसे आणि जाणारा चेक यांच्या तारखा कुणी शेजारी शेजारी मांडून बघितलेल्याच नसतात. ज्यांनी नुकतंच चालू खातं उघडलंय, पहिलं चेकबुक हातात आलंय, त्यांच्यासाठी हे लिहितोय.

आधी एक बदल समजून घ्या

तुम्ही दिलेला कागदी चेक तुमच्या बँकेपर्यंत जात नाही. घेणाऱ्याने तो त्याच्या शाखेत भरला की तिथेच स्कॅन होतो आणि त्याचं चित्र तुमच्या बँकेकडे जातं. पूर्वी ही चित्रं गठ्ठ्याने जायची आणि पैसे दुसऱ्या दिवशी वळते व्हायचे. ४ ऑक्टोबर २०२५ पासून रिझर्व्ह बँकेने हे बदललं. आता दिवसाच्या ठरलेल्या वेळात चेक जसजसे स्कॅन होतात तसतसे पुढे जातात, आणि पास की परत हे तुमच्या बँकेने संध्याकाळी ७ पर्यंत कळवायचं असतं. कळवलं नाही तर चेक पास धरला जातो.

जुन्या व्यापाऱ्यांची एक सवय असते: आज चेक द्यायचा आणि पैसे उद्या दुपारपर्यंत भरायचे. मधला तो एक दिवस म्हणजे त्यांची बिनव्याजी उधारीच. ती सवय आता महागात पडते. सकाळी ११ ला दिलेला चेक त्याच दिवशी तुमच्या खात्यावर येऊन आदळू शकतो. तेव्हा नवख्यांसाठी नियम सोपा: चेक फाडताना पैसे खात्यात हवेत, नाहीतर चेकवर पुढची तारीख हवी.

पहिली पायरी: वापरता येतील असे पैसे किती, ते बघा

चेक परत आला की बँक सोबत एक चिठ्ठी देते, रिटर्न मेमो; त्यावर कारण छापलेलं असतं. त्यात सर्वात जास्त वेळा भेटणारं कारण म्हणजे ‘फंड्स इनसफिशियंट’, पैसे अपुरे. खात्यात पैसे नव्हते असं लोक त्याचं सरळ भाषांतर करतात. प्रत्यक्षात बऱ्याचदा अ‍ॅपवर पैसे दिसत होते, पण ते वापरता येणारे नव्हते.

पहिली भानगड जमा केलेल्या चेकची. तुम्ही गिऱ्हाइकाचा चेक भरलात, तो अजून पास व्हायचाय, पण रक्कम एकूण शिलकेत दिसायला लागली. उपलब्ध शिल्लक वेगळी असते आणि तीच खरी. अ‍ॅपमध्ये दोन आकडे दिसत असतील तर लहान आकड्यावर विश्वास ठेवा. अशा वेळी परत गेलेल्या चेकच्या मेमोवर ‘इफेक्ट्स नॉट क्लिअर्ड’ असं कारण येतं.

दुसरी भानगड कॅश क्रेडिट (सीसी) खात्याची, म्हणजे माल आणि येणं तारण धरून बँक जी उचल मर्यादा देते तिची. नवीन उद्योजक इथे हमखास फसतो, म्हणून जरा सविस्तर सांगतो. बँकेने २० लाखांची सीसी मंजूर केली म्हणजे २० लाख वापरायला मिळाले असं नाही. दर महिन्याला तुम्ही स्टॉक स्टेटमेंट, म्हणजे शिल्लक मालाचा हिशेब देता, त्यावरून बँक ड्रॉइंग पॉवर, म्हणजे प्रत्यक्ष उचलता येणारी रक्कम काढते. समजा गोदामात १६ लाखांचा माल आहे, पण त्यातल्या ४ लाखांच्या मालाचे पैसे पुरवठादाराला द्यायचे राहिलेत. बँक १२ लाखच धरणार. त्यावर २५ टक्के मार्जिन, म्हणजे तुमचा स्वतःचा वाटा, ३ लाख वजा. उरली ९ लाखांची ड्रॉइंग पॉवर. येणं बाकी असेल तर त्यातलाही काही भाग धरतात, पण जुनी थकलेली उधारी बाजूला काढतात. मालक मात्र २० लाखांच्या हिशेबात चेक देत सुटतो आणि मेमो येतो: ‘एक्सीड्स अरेंजमेंट’, ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त. स्टेटमेंटच वेळेवर दिलं नाही तर बँक ड्रॉइंग पॉवर आणखी खाली आणू शकते. म्हणून चेक परत जाऊ नये असं वाटत असेल तर स्टॉक स्टेटमेंटची तारीख ही चेकइतकीच गंभीरपणे घ्यायची गोष्ट आहे. शिवाय सीसीचं व्याज महिनाअखेरीला खात्यातून वजा होतं. लिमिट काठोकाठ वापरणाऱ्याचा १ तारखेचा चेक नेमका त्या व्याजापायी परत जातो.

तिसरं कारण म्हणजे आपोआप वळते होणारे हप्ते. गाडीचा ईएमआय, विम्याचा हप्ता, मशिनच्या कर्जाचा हप्ता. चेक सकाळी येतो की हप्ता, यावर तुमचं नियंत्रण नसतं.

चौथं कारण अलीकडे वाढलेलं: खात्यावर घातलेली बंदी. कर खात्याची थकबाकीची नोटीस असो किंवा सायबर गुन्ह्याच्या तपासात कुणा अनोळखी गिऱ्हाइकाकडून आलेल्या रकमेवर पोलिसांनी लावलेला ‘लिएन’, शिल्लक दिसते पण हलत नाही. त्या काळात दिलेले चेक परत जातात. असं झालं तर आधी ज्यांना चेक दिलेत त्यांना लेखी कळवा, बँकेचं पत्र जोडा. दुसऱ्या बँकेतून पैसे पाठवता आले तर उत्तम.

आणि हो, दुसरी बँक. महाराष्ट्रातल्या कित्येक व्यापाऱ्यांचा सगळा व्यवहार एकाच सहकारी बँकेत असतो. ओळख असते, मॅनेजर फोन उचलतो, सगळं खरं. पण सप्टेंबर २०१९ मध्ये पीएमसी बँकेवर आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये न्यू इंडिया को-ऑपरेटिव्ह बँकेवर रिझर्व्ह बँकेचे निर्बंध आले, तेव्हा खातेदारांचे पैसे खात्यात असूनही व्यवहार अडकले. दुसऱ्या बँकेत एक चालू खातं आणि त्यात महिनाभराच्या अगदी गरजेच्या देण्यांइतकी रक्कम असावी असं माझं मत आहे. त्या खात्याचा वर्षाचा खर्च फार नसतो.

दुसरी पायरी: चेकची वही

संगणकावर कितीही चांगलं सॉफ्टवेअर असो, चेकसाठी एक वेगळी वही किंवा एक्सेलचं एक पान ठेवाच. रकाने: चेक नंबर, तारीख, कुणाला, कशासाठी, रक्कम, पास झाल्याची तारीख. शेवटचा रकाना रिकामा असलेले सगळे चेक म्हणजे तुमच्या डोक्यावर लटकणारी रक्कम. रोज सकाळी दुकान उघडल्यावर तिची बेरीज उपलब्ध शिलकेतून वजा करायची.

उदाहरण घेऊ. १ जुलैला खात्यात वापरता येण्याजोगे ३,१०,००० रुपये आहेत. दिलेले पण अजून न आलेले चेक १,८५,०००. ५ तारखेला ४२,००० चा हप्ता. २० तारखेला जीएसटीचे ६१,०००. आता नवीन चेक कितीचा देता येईल? फक्त २२,०००. ३ लाखांच्या वर शिल्लक दिसत असताना हा आकडा स्वीकारणं जड जातं, पण तोच खरा आहे. पहिल्या आठवड्यात येणारी वसुली यात धरलेली नाही, आणि धरूही नये. ती आली की मग पुढचा चेक.

समोरचा थांबायला तयार असेल तर पुढच्या तारखेचा चेक द्या. पण ती तारीख तुमच्या वसुलीच्या अपेक्षित दिवशीची नको, त्यानंतर चार-पाच दिवसांची ठेवा. दिवाळी, मार्चअखेर, लग्नसराईनंतरचा मंद काळ हे सगळं धरून. पुढच्या तारखेचे चेक वहीत वेगळ्या रंगाने लिहिले की महिन्याच्या सुरुवातीला चटकन दिसतात.

तिसरी पायरी: चेक नीट लिहिणे

पैसे असूनही परत जाणारे चेक या वर्गात येतात, आणि यातला प्रत्येक टाळता येतो.

खाडाखोड करू नका. खाली सही करून दुरुस्ती चालते ही समजूत जुनी. चेकच्या चित्रावरून व्यवहार व्हायला लागल्यापासून नाव किंवा रक्कम दुरुस्त केलेला चेक क्लिअरिंगमध्ये चालत नाही. मुदत वाढवण्यासाठी तारीख बदलणं एवढाच अपवाद. चुकलं तर चेकवर ‘रद्द’ लिहा, वहीत नोंद करा आणि नवा फाडा.

चेक त्यावरच्या तारखेपासून ३ महिने चालतो. १ एप्रिल २०१२ पूर्वी ६ महिने चालायचा, आणि काही ज्येष्ठ मंडळींच्या डोक्यात अजून तेच आहे. जानेवारीत नव्या वर्षाऐवजी मागचंच वर्ष पडणं ही तर दरवर्षीची गंमत. चेक मराठीत लिहिता येतो, रक्कम अक्षरी मराठीत चालते, इतकंच काय राष्ट्रीय शक दिनदर्शिकेनुसार घातलेली तारीखही बँकेने स्वीकारायची असते. पण शक तारखेचा चेक देऊन काऊंटरवरच्या पोराची परीक्षा घ्यायची हौस धंद्याच्या व्यवहारात नको.

सहीबद्दल. बँकेत दिलेल्या नमुन्याशी ती जुळली पाहिजे. दहा वर्षांत माणसाची सही बदलते, तेव्हा मधेच एकदा नमुना नव्याने देऊन या. भागीदारी संस्था असेल तर शिक्का आणि ‘भागीदार’ हे पद, कंपनी असेल तर ठरावात जितक्या सह्या म्हटल्यात तितक्या. एखादा भागीदार बाहेर पडला किंवा नवा आला की बँकेत त्याच आठवड्यात कळवा. जुन्या भागीदाराच्या सहीचे चेक बाजारात फिरत राहणं यासारखी डोकेदुखी नाही.

विलीन झालेल्या बँकांची जुनी चेकबुकं कपाटात पडून असतील तर फाडून टाका. देना आणि विजया २०१९ मध्ये बँक ऑफ बडोदात गेल्या. २०२० मध्ये सिंडिकेट कॅनरात, आंध्रा आणि कॉर्पोरेशन युनियन बँकेत, अलाहाबाद इंडियन बँकेत. त्यांचे चेक आता चालत नाहीत. खालच्या पांढऱ्या पट्टीवर, जिथे जाडसर आकडे छापलेले असतात, तिथे सही, शिक्का, घडी काहीही नको. गडद शाईचं पेन वापरा. फिकट शाई स्कॅनमध्ये उमटत नाही.

चौथी पायरी: मोठ्या चेकची माहिती बँकेला आधी देणे

याला पॉझिटिव्ह पे म्हणतात. १ जानेवारी २०२१ पासून ५०,००० आणि त्यावरच्या चेकसाठी ही सोय आहे. चेक दिल्यावर नंबर, तारीख, नाव आणि रक्कम बँकेच्या अ‍ॅपवर भरायची. चित्र आलं की बँक दोन्ही ताडून बघते. ५ लाखांपासून पुढे बँका हे सक्तीचं करू शकतात आणि अनेकांनी केलंय. माहिती दिली नाही म्हणून पैसे असूनही चेक परत गेला, ही तक्रार मी वरचेवर ऐकतो. चेक फाडल्या फाडल्या माहिती भरायची, ‘संध्याकाळी बघू’ म्हणायचं नाही.

पाचवी पायरी: दुसऱ्याचा चेक घेताना

हातात आल्यावर तिथेच वाचा. तुमच्या पेढीचं नाव बँकेतल्या नावाशी जुळतंय ना? ‘श्री गणेश ट्रेडर्स’ नावाने चेक आणि खातं मात्र मालकाच्या स्वतःच्या नावावर, असं असेल तर बँक तो जमा करून घेणार नाही. अकाउंट पेयी चेक दुसऱ्याच्या खात्यात भरता येत नाही. पतसंस्थांच्या सभासदांसाठी ५०,००० पर्यंतच्या अशा चेकची वसुली संस्थेच्या बँक खात्यातून करायची मुभा आहे, ते आपल्या गावपातळीवर उपयोगी पडतं.

चेक खणात ठेवून देऊ नका. ‘जरा थांबा, सांगतो तेव्हा भरा’ असं गिऱ्हाईक म्हणालं तर तो थांबा लेखी घ्या, व्हॉट्सअ‍ॅपवर का होईना, आणि तीन महिन्यांच्या किमान १५ दिवस आधी चेक भरा. परत आलाच तर दुसऱ्यांदा भरायला वेळ राहतो.

माल घेताना तारण म्हणून घेतलेला किंवा दिलेला कोरा चेक ही वेगळीच चीज. देणाऱ्याने समजून घ्यावं: सही करून कोरा चेक दिलात तरी तो देण्यापोटीच दिला असं कायदा तुमच्या विरोधात गृहीत धरू शकतो, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये हे स्पष्ट केलंय. द्यायचाच झाला तर सोबत पत्र द्या: चेक नंबर, कशासाठी, कोणत्या स्थितीत भरायचा, कधी परत द्यायचा. पत्राच्या प्रतीवर घेणाऱ्याची सही घ्या. हिशेब मिटला की पहिला फोन तो चेक परत मागण्यासाठी करा. घेणाऱ्याने उलट बाजू लक्षात ठेवावी: मधल्या काळात काही रक्कम मिळाली असेल आणि तुम्ही मूळ पूर्ण रकमेचाच चेक भरलात तर कलम १३८ खालची (चेक न वटल्याच्या गुन्ह्याची) तक्रार टिकणार नाही, असा २०२२ चा निकाल आहे. मिळालेल्या रकमेची नोंद चेकवर करा, नाहीतर उरलेल्या रकमेचा नवा चेक घ्या.

परत आलाच तर

मेमोवरचं कारण वाचा. चित्र नीट उमटलं नाही यासारखं तांत्रिक कारण, ज्यात तुमचा काही दोष नाही, असेल तर बँकेने चेक स्वतःहून २४ तासांत पुन्हा पाठवायचा असतो आणि त्याचं शुल्क तुमच्याकडून घ्यायचं नसतं. घेतलं असेल तर शाखेत लेखी मागा, बहुधा परत मिळतं.

पैसे अपुरे असं असेल तर आधी फोन. खरंच तारखांचा घोळ असेल तर माणूस दोन दिवसांत आरटीजीएस करतो आणि विषय मिटतो. टाळाटाळ दिसली की पराक्राम्य संलेख अधिनियम, १८८१ चं कलम १३८ आणि त्यातल्या तारखा. या तारखा चुकवल्यामुळे खऱ्या येण्याच्या तक्रारीही पडतात.

समजा मेमो ५ जूनला मिळाला. नोटीस ३० दिवसांत, म्हणजे ५ जुलैपर्यंत निघाली पाहिजे. ती २० जूनला पाठवली आणि समोरच्याला २४ ला मिळाली. पैसे द्यायला त्याला १५ दिवस, म्हणजे ९ जुलैपर्यंत. नाही दिले तर तक्रार करायचा हक्क १० जुलैला तयार होतो आणि तिथून एका महिन्यात तक्रार न्यायालयात दाखल झाली पाहिजे. ९ ऑगस्ट ओलांडू नका. तक्रारीला उशीर झाला तर सबळ कारण दाखवून न्यायालय माफ करू शकतं. नोटिशीचे ३० दिवस मात्र माफ होत नाहीत. ते हुकले आणि चेकची मुदत शिल्लक असेल तर चेक पुन्हा भरा; पुन्हा परत आला की ३० दिवस नव्याने सुरू होतात. पंधरा दिवस आधी चेक भरा असं वर म्हटलं ते याचसाठी.

नोटिशीत रक्कम चेकवर आहे तीच लिहा. व्याज, वकील फी वेगळ्या ओळीत मागा. सप्टेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चेकची रक्कम चुकीची लिहिलेली नोटीस बाद ठरवली, टायपिंगची चूक झाली हा बचावही ऐकला नाही. नोटीस स्पीड पोस्टाने पोचपावतीसह बरोबर पत्त्यावर पाठवा. त्याने घेतली नाही तरी बरोबर पत्त्यावर गेलेली नोटीस सामान्यतः मिळाली असं धरलं जातं. २०१५ च्या दुरुस्तीनंतर तक्रार तुमचं खातं ज्या शाखेत आहे तिथल्या न्यायालयात होते. लातूरच्या व्यापाऱ्याला सुरतेला खेटे घालावे लागत नाहीत.

तुमचाच चेक परत गेला तर

गप्प बसू नका. नोटीस येण्याची वाट न बघता एनईएफटी करा, पैसे दिल्याची लेखी पोच घ्या आणि मूळ चेक परत मागा. नोटीस आली असेल तर ती मिळाल्यापासून १५ दिवसांत चेकची पूर्ण रक्कम दिली की गुन्हा बनत नाही. अर्धी देऊन ‘बाकीची बघू’ म्हटलं की बनतो. शिक्षा २ वर्षांपर्यंत कैद किंवा चेकच्या दुप्पट रकमेपर्यंत दंड किंवा दोन्ही.

‘स्टॉप पेमेंट’ ही पळवाट नाही. पैसे नव्हते म्हणून चेक थांबवला तरी कलम १३८ लागतं. खातं बंद केलं तरी लागतं, मुद्दाम वेगळी सही केली तरीही. माल खरोखर खराब निघाला असेल तर चेक थांबवता येतो, पण त्याआधी पुरवठादाराला तक्रारीचं पत्र जायला हवं आणि खात्यात त्या चेकइतके पैसे असायला हवेत, म्हणजे पैशाअभावी थांबवला नाही हे दाखवता येतं. कंपनी किंवा भागीदारी असेल तर व्यवहार सांभाळणारे संचालक आणि भागीदारही आरोपी होऊ शकतात. नुसतं नावाला भागीदार झालेल्या नातेवाइकांनी हे वाचावं. ईएमआयचा ऑटो-डेबिट परत गेला तरी २००७ च्या पेमेंट कायद्यातलं कलम २५ अशीच शिक्षा सांगतं.

प्रकरण न्यायालयात गेलं तरी तडजोड कधीही करता येते, फक्त जितका उशीर तितकी महाग. गोव्यातल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २५ सप्टेंबर २०२५ ला त्याचे दर नव्याने ठरवून दिले: आरोपीचा बचावाचा पुरावा नोंदवण्याआधी पैसे दिले तर जादा काही नाही, त्यानंतर पण निकालाआधी दिले तर चेकच्या रकमेच्या ५ टक्के, सत्र किंवा उच्च न्यायालयात ७.५ टक्के, सर्वोच्च न्यायालयात १० टक्के. तडजोडीच्या कागदावर चेक नंबर, रक्कम, ती कोणत्या व्यवहाराने दिली त्याचा यूटीआर (बँकेचा व्यवहार क्रमांक) नंबर आणि प्रकरणाचा क्रमांक हे चारही लिहून घ्या, आणि ज्या तारखेला न्यायालयात तो कागद दाखल होईल त्या तारखेला स्वतः हजर राहा.